‘शी लव्ह्ज मी’ : एका लहान संगीतिकेचे व्यावसायिक अपयश

प्रास्ताविक

अमेरिकन संगीत रंगभूमीच्या इतिहासात काही कलाकृती अशा आहेत, की त्यांचे गुणवर्णन करून झाल्यावर प्रत्येक अभ्यासकाला त्यांच्या जमाखर्चाविषयी एक खेदाचे वाक्य लिहावे लागते. ‘शी लव्ह्ज मी’ ही त्यांपैकी एक ठळक संगीतिका होय. (‘म्यूझिकल’ या नाट्यप्रकारासाठी प्रस्तुत लेखात ‘संगीतिका’ हा शब्द योजला आहे, सर्वस्वी गायल्या जाणाऱ्या ऑपेराशी त्याचा घोटाळा होऊ नये.) जेरी बॉक यांचे संगीत, शेल्डन हार्निक यांची पद्यरचना, जो मॅस्टरॉफ यांची संहिता आणि हॅरोल्ड प्रिन्स यांचे दिग्दर्शन लाभलेली ही संगीतिका २३ एप्रिल १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या यूजीन ओ’नील नाट्यगृहात रंगमंचावर आली आणि ११ जानेवारी १९६४ रोजी तिचे प्रयोग थांबले. एकूण प्रयोग तीनशेहून थोडे अधिक झाले. मराठी वाचकाला तीनशे हा आकडा अपयशाचा वाटणार नाही. परंतु ब्रॉडवेवर एकाच नाट्यगृहात आठवड्याला आठ प्रयोग होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे हे आयुष्य नऊ महिन्यांचेही भरत नाही. एवढ्या काळात निर्मितीचा खर्च वसूल झाला नाही. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने नाटक पडले.

या अपयशाची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात, ती बहुधा प्रेक्षकांच्या अभिरुचीपाशी येऊन थांबतात. प्रेक्षकांना भव्य, झगमगीत, नृत्यप्रधान काहीतरी हवे होते. त्यांना एक हळुवार, सुगंधी दुकानातली प्रेमकथा मिळाली. म्हणून त्यांनी पाठ फिरवली, असा हा युक्तिवाद आहे. तो सोयीचा आहे. त्यात लेखकांना दोष नाही, निर्मात्याला नाही आणि समीक्षकांना तर मुळीच नाही. मात्र तो स्वीकारला तर ज्या प्रेक्षकांनी त्याच दशकात अवघ्या आठ पात्रांची एक संगीतिका वर्षानुवर्षे डोक्यावर घेतली, त्यांचे वर्तन समजत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख वेगळ्या दिशेने आहे. ही संगीतिका लहान असल्यामुळे पडली असे म्हणण्यापेक्षा, ती आशयाने लहान आणि खर्चाने मोठी होती, आणि ज्या बाजारात तिला उभे केले गेले त्या बाजाराची सर्व मापे मोठेपणाला अनुकूल होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

कथावस्तू आणि तिची परंपरा

मूळ कथा हंगेरियन आहे. मिक्लोश लास्लो यांचे ‘पार्फ्युमरी’ या नावाने परिचित असलेले नाटक १९३७ साली बुडापेस्टमध्ये रंगभूमीवर आले. पुढे लास्लो अमेरिकेत स्थायिक झाले. १९४० साली एर्न्स्ट लुबिच यांनी या नाटकावर ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट काढला. १९४९ मध्ये जूडी गार्लंड यांच्या ‘इन द गुड ओल्ड समरटाइम’ या चित्रपटात तीच कथा शिकागोतील वाद्यविक्रीच्या दुकानात गेली. १९९८ मध्ये नोरा एफ्रन यांच्या ‘यू हॅव गॉट मेल’ने टपालाच्या जागी संगणक आणला. सहा दशकांत चार वेळा यशस्वी ठरलेल्या कथेचे पाचवे रूप तेवढे तोट्यात जावे, ही गोष्टच कथेच्या आकर्षणशक्तीवर संशय घेऊ देत नाही.

कथा साधी आहे. बुडापेस्टमधील माराचेक यांच्या सुगंधी द्रव्यांच्या दुकानात गेऑर्ग नोवाक हा ज्येष्ठ विक्रेता आहे. तेथे अमालिया बालाश ही तरुणी नोकरी मागायला येते. जी संगीत वाजवणारी पेटी विकली जाणार नाही असे गेऑर्ग ठामपणे सांगत असतो, तीच ती एका ग्राहक बाईच्या गळ्यात मारते आणि नोकरी मिळवते. त्या क्षणापासून दोघांचे पटत नाही. दोघेही निनावी पत्रमैत्रीत गुंतलेले आहेत आणि एकमेकांनाच पत्रे लिहीत आहेत, हे त्यांना ठाऊक नाही. प्रेक्षकांना ठाऊक आहे. दुसरीकडे, आपल्या पत्नीचे गेऑर्गशी संबंध आहेत असा माराचेक यांचा समज होतो. ते त्याला कामावरून जायला भाग पाडतात, तेही नेमके पत्रमैत्रिणीला भेटण्याच्या दिवशीच. खरा अपराधी कोडाली हा गोडबोल्या विक्रेता निघतो. माराचेक आत्महत्येचा प्रयत्न करतात आणि दुकानाचा पोऱ्या अर्पाद त्यांना वाचवतो.

कथासार सांगताना सगळा भर प्रेमावर जातो, परंतु संहितेचा पाया नोकरी हा आहे. १९३०च्या दशकातील मध्य युरोपात हातची नोकरी जाणे म्हणजे काय, हे येथल्या प्रत्येक पात्राला माहीत आहे. सिपोश हा वयस्क विक्रेता ‘पर्स्पेक्टिव्ह’ या गीतात आपले तत्त्वज्ञान सांगतो. स्वाभिमान गिळून नोकरी टिकवण्याचे ते तत्त्वज्ञान विनोदी चालीत बांधले आहे, पण त्याच्या तळाशी भीती आहे. अर्पादचे ‘ट्राय मी’ म्हणजे बढतीसाठी केलेला तोंडी अर्ज आहे. बॉक-हार्निक यांनी दुकानाचे अर्थशास्त्र गीतांतून मांडले, ही या कृतीची खरी मौलिकता होय आणि प्रेमकथेच्या गोडव्यात ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

सुटी न होणारी गीते

संगीतिकेच्या व्यावसायिक यशाचा एक जुना मार्ग म्हणजे नाट्यगृहाबाहेर पडणारे गीत. मराठी संगीत नाटकाच्या जाणकाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वन्समोर घेणारे पद नाटकातून सुटते, मैफलीत जाते, ध्वनिमुद्रिकेवर चढते आणि परतताना प्रेक्षक घेऊन येते. ब्रॉडवेवर १९४०-५० च्या दशकांत हीच व्यवस्था होती. रेडिओवर आणि गायकांच्या ध्वनिमुद्रिकांत गाजलेले गीत हीच नाटकाची फुकटची जाहिरात असे.

‘शी लव्ह्ज मी’ची गीतरचना या व्यवस्थेला सहकार्य करीत नाही. या नाटकात वीसहून अधिक गीते आहेत. म्हणजे संगीताचा तुटवडा नाही, उलट रेलचेल आहे. पण त्यांतील बहुतेक गीते प्रसंगाच्या मांसात रुतलेली आहेत. ‘साउंड्स व्हाइल सेलिंग’ या गीतात तीन ग्राहक आणि तीन विक्रेते यांच्या संभाषणांचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि त्या तुकड्यांतून भलतीच विनोदी वाक्ये तयार होतात. दुकान डोळ्यांसमोर नसेल तर हे गीत उरतच नाही. ‘टुनाइट अ‍ॅट एट’ म्हणजे भेटीच्या आधीची गेऑर्गची घालमेल. तिची गती, अडखळणे, श्वास हे सर्व त्या संध्याकाळचे. ‘अ ट्रिप टू द लायब्ररी’मध्ये इलोना ही विक्रेती आपल्याला ग्रंथालयात भेटलेल्या सद्गृहस्थाची हकिगत सांगते, ते गीत म्हणजे एक लघुकथाच आहे, आणि लघुकथा गुणगुणता येत नाही. ‘ट्वेल्व्ह डेज टू ख्रिसमस’मध्ये नाताळच्या खरेदीची गर्दी टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि त्याबरोबर दुकानातले सौजन्य विरत जाते. ‘थँक यू, मॅडम’ ही छोटी विनम्र संगीतओळ तर नाटकभर पुन:पुन्हा येते. एकदा ऐकली तर ती औपचारिकता वाटते, दहाव्यांदा ऐकली म्हणजे ती त्या माणसांची पोटापाण्याची सक्ती होते.

याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे आइस्क्रीमचे गीत. ठरलेल्या उपाहारगृहात अमालिया ‘अ‍ॅना कॅरेनिना’ची प्रत आणि गुलाबाचे फूल घेऊन वाट पाहते, पत्रमित्र म्हणून कोणी येत नाही, येतो तो गेऑर्ग आणि तोही भांडायला. दुसऱ्या दिवशी ती कामावर येत नाही. गेऑर्ग तिच्या घरी व्हॅनिला आइस्क्रीम घेऊन जातो. तो गेल्यावर ती आपल्या अनामिक मित्राला पत्र लिहू लागते, आणि लिहिता लिहिता मन पुन:पुन्हा आइस्क्रीम आणणाऱ्या माणसाकडे वळते. पत्र एकाला, विचार दुसऱ्याचा, आणि दोघे एकच. ही गंमत गीताच्या बांधणीतच आहे. बार्बारा कुक यांच्या सोप्रानो आवाजासाठी त्याचा शेवट उंच स्वरावर नेला आहे. कुक यांनी पुढे दशकानुदशके आपल्या मैफलींत हे गीत गायले. म्हणजे ते अगदीच सुटे होत नाही असे नाही. पण ते गायला तशी गायिका लागते. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने शिटीवर वाजवावे असे ते गीत नव्हे. नाटकाचा शेवटही याच चालीच्या स्मरणावर उभा आहे. नाताळच्या पूर्वसंध्येला रहस्य उलगडते ते गेऑर्ग ही चाल उचलतो तेव्हा. ज्याने मधले गीत लक्षपूर्वक ऐकले नसेल, त्याच्यासाठी या शेवटात फारसे काही घडत नाही.

ध्वनिमुद्रणाची कथाही येथे नोंदवली पाहिजे. संगीत एवढे सलग आणि विपुल होते, की मूळ संचाचे ध्वनिमुद्रण दोन तबकड्यांवर काढावे लागले. त्या काळी संगीतिकेचा संच सामान्यतः एका तबकडीचा असे. रसिक संग्राहकांना तो दुहेरी संच आजही अनमोल वाटतो; पण ज्या नवख्या श्रोत्याच्या हाती ध्वनिमुद्रिका पडावी आणि त्याने पुढे तिकीट काढावे, त्याला एकाच्या जागी दोन तबकड्या घ्याव्या लागत. याच्या उलट उदाहरण पाहावयाचे तर फार दूर जावे लागत नाही. ‘शी लव्ह्ज मी’ थांबली त्यानंतर पाचच दिवसांनी, १६ जानेवारी १९६४ रोजी, ‘हॅलो, डॉली!’ रंगमंचावर आली. तिचे शीर्षकगीत लुई आर्मस्ट्राँग यांनी गायले आणि मे १९६४ मध्ये ते अमेरिकेतील लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बीटल्सच्या लाटेत हे घडले, हे विशेष. ते गीत ऐकण्यासाठी डॉली कोण, ती कोठे परत आली, हे काही माहीत असावे लागत नाही.

लहान नाटकाचा मोठा खर्च

येथपर्यंतचे विवेचन नाटकाच्या अंतर्गत घडणीचे झाले. परंतु सुटी न होणारी गीते असणे हे तोट्याचे पुरेसे कारण नव्हे. अशा गीतांचे नाटक हळूहळू, तोंडी प्रसिद्धीने, प्रेक्षक मिळवू शकते. मात्र त्यासाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे. ब्रॉडवेवर वेळ ही सर्वांत महाग वस्तू आहे.

ब्रॉडवेच्या खर्चाची रचना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. तिचा मोठा भाग नाटकाच्या आकारावर ठरत नाही, नाट्यगृहाच्या आकारावर ठरतो. नाट्यगृहाचे भाडे, रंगमंच-कामगारांची संख्या आणि वेतन, तिकीटविक्रीची व्यवस्था, वृत्तपत्रांतील जाहिरात या गोष्टी रंगमंचावर साठ माणसे नाचोत वा सहा माणसे बोलोत, फारशा बदलत नाहीत. वादकांची किमान संख्यादेखील संघटनेशी झालेल्या करारानुसार नाट्यगृहागणिक ठरलेली असे. मार्च २००३ मध्ये ब्रॉडवेच्या वादकांनी जो संप केला आणि ज्यामुळे संगीतिकांचे प्रयोग चार दिवस बंद राहिले, तो याच किमान संख्येच्या प्रश्नावरून झाला होता. त्यात आणखी एक कलम आहे. सलग दोन आठवडे उत्पन्न ठरावीक आकड्याखाली राहिले तर नाट्यगृहाचा मालक नाटकाला बाहेर काढू शकतो, अशी अट करारांत सर्रास असते. मालकाच्या दृष्टीने ती रास्त आहे. हळूहळू जम बसवणाऱ्या नाटकाच्या दृष्टीने ती फासासारखी आहे.

‘शी लव्ह्ज मी’ या रचनेत कोठे बसते? ओ’नील नाट्यगृहात सुमारे अकराशे आसने आहेत. ब्रॉडवेच्या मानाने ते लहान, आणि प्रिन्स यांनी नाटकाचा स्वभाव ओळखूनच ते निवडले असावे. कलात्मकदृष्ट्या निवड अचूक होती. मात्र ‘हॅलो, डॉली!’ ज्या सेंट जेम्स नाट्यगृहात लागली, तेथे सुमारे सतराशे आसने आहेत. दोन्ही नाटके रोज रात्री पूर्ण भरली असे क्षणभर गृहीत धरले, तरी एकाच्या गल्ल्यात दुसऱ्यापेक्षा सहाशे तिकिटे अधिक. उलट खर्चाच्या बाजूला ‘शी लव्ह्ज मी’ने बचत केली ती प्रामुख्याने नृत्यसंघाची. दुकान, उपाहारगृह, रुग्णालयातली खोली, अमालियाची खोली असे अनेक स्थळांचे नेपथ्य होते. विल्यम आणि जीन एकार्ट या दांपत्याने ते केले होते. वाद्यवृंद पूर्ण होता आणि डॉन वॉकर यांच्या वाद्यरचनेतील हंगेरियन छटांना तो लागतही होता. थोडक्यात, मोठ्या नाटकाचा खर्च आणि लहान नाटकाचे उत्पन्न अशी ही जुळणी होती.

आता ‘द फँटॅस्टिक्स’ या संगीतिकेकडे पाहावे. ३ मे १९६० रोजी ती न्यूयॉर्कमध्येच, पण ब्रॉडवेच्या बाहेर, सलिव्हन स्ट्रीट प्लेहाउस या दीडशेच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात सुरू झाली. आठ पात्रे, पियानो आणि हार्प एवढेच मुख्य वादन. नेपथ्याला ९०० डॉलर आणि वेशभूषेला ५४१ डॉलर खर्च आला होता. आरंभी तिलाही प्रेक्षक नव्हते आणि ती बंद करावी असा सल्ला निर्माते लोर नोटो यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. मानला नाही हे खरे, पण न मानणे त्यांना परवडत होते, हे त्याहून महत्त्वाचे. रोजचा खर्च इतका कमी होता, की अर्धे रिकामे नाट्यगृह म्हणजे सत्तर-ऐंशी खुर्च्या रिकाम्या. १३ जानेवारी २००२ पर्यंत या संगीतिकेचे १७,१६२ प्रयोग झाले. तिच्याजवळ ‘ट्राय टू रिमेंबर’ हे सहज सुटे होणारे गीत होते, ही गोष्ट दडवण्याचे कारण नाही. परंतु ते गीत सर्वतोमुखी होईपर्यंत नाटक जगले, ते त्याच्या लहान खर्चामुळे.

म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना लहान संगीतिका नको होती, हे विधान टिकत नाही. लहान संगीतिकेला लहान घर मिळाले तर ती जगत होती. ‘शी लव्ह्ज मी’ची अडचण ही, की ती ‘द फँटॅस्टिक्स’इतकी लहान नव्हती. दीडशे आसनांच्या खोलीत ते दुकान, ते ग्राहक आणि तो वाद्यवृंद मावला नसता. लहान आणि मोठे यांच्या मधल्या आकाराला त्या नाट्यव्यवसायात जागा नव्हती. या मधल्या आकाराचे दुखणे पुढे अर्थशास्त्रज्ञांनी व्यापक पातळीवर मांडले. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांचा ‘परफॉर्मिंग आर्ट्स : द इकॉनॉमिक डिलेमा’ हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. कारखान्यात यंत्रे आली की एका माणसाच्या हातून अधिक माल निघतो. चौघांनी वाजवायच्या रचनेला मात्र आजही चौघेच आणि तेवढाच वेळ लागतो. वेतन सगळीकडे वाढत जाते, त्यामुळे प्रयोगकलांचा खर्च इतरांच्या तुलनेत सतत चढत राहतो. या सिद्धांताच्या प्रकाशात पाहता, १९६३ मध्ये जे मोठे नाटक जास्त आसने आणि जास्त तिकीटदर यांच्या बळावर तग धरू शकत होते, ते लहान नाटक धरू शकत नव्हते, हे उघड आहे.

आगाऊ विक्री, वलय आणि ऋतू

त्या काळच्या ब्रॉडवेवर आगाऊ विक्रीचा एक मोठा वाटा ठोक ग्राहकांचा असे. सेवाभावी संस्था निधी उभारण्यासाठी एखाद्या संध्याकाळची तिकिटे एकगठ्ठा घेत आणि आपल्या सभासदांना चढ्या भावाने विकत. आपल्याकडच्या कंत्राटी प्रयोगांशी मिळतीजुळती ही पद्धत. हे ग्राहक नाटक पाहून खरेदी करीत नाहीत. नाटक उभे राहण्याआधी ते नाव विचारतात. बार्बारा कुक यांना ‘द म्यूझिक मॅन’साठी टोनी पुरस्कार मिळालेला होता, जाणकारांत त्यांचा लौकिक मोठा होता; पण एथेल मर्मन किंवा मेरी मार्टिन यांच्या नावावर जशी आगाऊ रांग लागे तशी त्यांच्या नावावर लागत नव्हती. डॅनिअल मॅसी हे तर इंग्लंडहून आलेले नट. संच उत्कृष्ट आणि समतोल होता, आणि समतोल संचाचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिता येत नाही. पुरस्कारही मिळाला तो जॅक कॅसिडी यांना, कोडालीच्या भूमिकेसाठी. म्हणजे या नाटकातले जे पात्र ब्रॉडवेच्या रूढ ऐटीच्या सर्वांत जवळचे, त्यालाच.

काही योगायोगही प्रतिकूल होते. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांचा संप ८ डिसेंबर १९६२ ला सुरू झाला आणि ३१ मार्च १९६३ ला मिटला. उद्घाटनाच्या आधीच्या ज्या महिन्यांत नव्या नाटकाची कुजबुज छापून यायची, ते महिने कोरे गेले. शिवाय नाताळात संपणारे हे नाटक एप्रिलमध्ये सुरू झाले आणि लगेच उन्हाळ्याला सामोरे गेले. त्याच्या वाट्याला खरा नाताळ एकच आला, आणि तो ओसरताच ते बंद पडले. या गोष्टींना फार महत्त्व देऊ नये. ज्या नाटकाच्या गाठीशी आगाऊ विक्री असते ते संपातूनही निघते आणि उन्हाळ्यातूनही.

लंडनचा आक्षेप

वरील मांडणीला एक गंभीर अडचण आहे. २९ एप्रिल १९६४ रोजी ही संगीतिका लंडनच्या लिरिक नाट्यगृहात सादर झाली. लंडनमधील निर्मितीखर्च न्यूयॉर्कच्या तुलनेत कमी होता. तरीही दोनशेच्या आतच प्रयोग झाले. सगळा दोष ब्रॉडवेच्या खर्चाच्या रचनेला द्यायचा, तर लंडनमध्ये नाटक का टिकले नाही?

याचे प्रामाणिक उत्तर असे, की केवळ अर्थकारणाने या अपयशाचा पूर्ण उलगडा होत नाही. नाटकाच्या स्वभावातच काही आहे, जे विक्रीला आडवे येते. पहिल्या अंकात कथानक सावकाश बांधले जाते. प्रत्येक पात्राला त्याचे गीत दिले आहे आणि ते त्या पात्राचा हक्क म्हणून दिले आहे, गरज म्हणून नव्हे. माराचेक यांचे ‘डेज गॉन बाय’ गोड आहे, पण त्याने कथा पुढे सरकत नाही. एवढी उदारता लहान नाटकाला पेलवत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो सर्वथा चूक म्हणता येणार नाही. शिवाय ज्याला रहस्य आधीच माहीत आहे अशा प्रेक्षकाला गुंतवून ठेवण्यासाठी जी बारीक विनोदबुद्धी येथे वापरली आहे, ती पहिल्या भेटीत पूर्णपणे उमगत नाही. हे नाटक दुसऱ्यांदा पाहताना अधिक आवडते. आणि दुसऱ्यांदा पाहणाऱ्या प्रेक्षकांवर कोणत्याही शहरातले व्यावसायिक नाट्यगृह चालत नाही.

तरीही लंडनच्या अनुभवाने मूळ प्रतिपादन खोटे ठरते असे नाही. त्याला मर्यादा पडते. मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहात, तिकीटविक्रीच्या दैनंदिन धाकाखाली, असे नाटक दोन्ही शहरांत टिकले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

अपयशानंतर

या तोट्याचा पुढच्या रंगभूमीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न प्रयोगसंख्येहून महत्त्वाचा आहे. बॉक, हार्निक आणि निर्माते प्रिन्स यांची पुढची कृती म्हणजे २२ सप्टेंबर १९६४ रोजी आलेली ‘फिडलर ऑन द रूफ’. तिचे ३,२४२ प्रयोग झाले. पूर्व युरोपातील एक छोटी वस्ती, तिथली साधी माणसे, पोटाची चिंता, विनोदाच्या आडून डोकावणारे भय. या गोष्टी दोन्ही कृतींत समान आहेत. फरक आहे तो आकाराचा. ‘फिडलर’मध्ये जेरोम रॉबिन्स यांची समूहनृत्ये आहेत, झिरो मोस्टेल यांच्यासारखा रंगमंच व्यापून टाकणारा नट आहे, आणि लग्नसमारंभात नाटकाबाहेर सहज गाता येईल असे गीत आहे. मॅस्टरॉफ आणि प्रिन्स यांनी १९६६ मध्ये ‘कॅबरे’ केली. तीही हजाराहून अधिक प्रयोग चालली. या कृतींचे श्रेष्ठत्व वादातीत आहे, आणि त्या केवळ बाजारासाठी लिहिल्या गेल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण दुकानाच्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसांविषयी, नृत्यसंघाशिवाय, संपूर्ण वाद्यवृंदासह बोलणारी संगीतिका या लेखकांनी पुन्हा लिहिली नाही. बॉक आणि हार्निक यांची भागीदारी ‘द रॉथ्सचाइल्ड्स’ या १९७० च्या संगीतिकेनंतर संपली.

‘शी लव्ह्ज मी’चे पुनरुज्जीवन झाले ते तीस वर्षांनी, आणि ते राउंडअबाउट थिएटर कंपनी या नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने केले. १९९३ मध्ये स्कॉट एलिस यांच्या दिग्दर्शनाखाली झालेल्या त्या प्रयोगांतील गेऑर्गच्या भूमिकेसाठी बॉइड गेन्स यांना टोनी पुरस्कार मिळाला. याच संस्थेने आणि याच दिग्दर्शकाने २०१६ मध्ये ती पुन्हा केली. लॉरा बेनांटी आणि झकारी लीव्हाय प्रमुख भूमिकांत होते, आणि ३० जून २०१६ चा प्रयोग इंटरनेटवरून थेट दाखवला गेला. ब्रॉडवेच्या नाटकाचे असे ते पहिलेच थेट प्रक्षेपण होते. हे प्रयोग ज्या स्टुडिओ ५४ मध्ये झाले तेथेही सुमारे हजार आसने आहेत. म्हणजे नाट्यगृहाचा आकार १९६३ पेक्षा फारसा वेगळा नव्हता. वेगळा होता तो व्यवहार. संस्थेजवळ वर्गणीदार प्रेक्षक होते, देणग्या होत्या आणि प्रयोगांची मुदत मर्यादित होती. मार्चमध्ये सुरू झालेले हे प्रयोग १० जुलै २०१६ रोजी थांबले. त्यांची संख्या १९६३ च्या प्रयोगांच्या निम्मीही नव्हती, आणि त्यांना कोणी अपयश म्हटले नाही.